मोजे घातलेलं कपाट

१

कपाट वीतभर पुढे आलं, मुलाने मागे टॉर्च मारला आणि तो बाजूला झाला. "बाबा, तुम्हीच बघा," म्हणाला. मला वाटलं, पाल असेल. पालीला तो लहानपणापासून घाबरतो.

मागची भिंत काळी होती. वर हातभर रुंद, आणि खाली येता येता पसरत जमिनीशी कपाटाएवढी झालेली. काळ्यावर हिरवट लव होती, जुन्या मखमलीसारखी. रंगाचे पोपडे पडून जमिनीवर त्यांचा भुगा झाला होता आणि त्या भुग्यात खारूच्या खोकल्याच्या औषधाचं माप उभं होतं. तेच शोधायला आम्ही कपाट हलवलं होतं.

खारू म्हणजे माझी नात, वय सहा. हाताला लागेल ती वस्तू कपाटामागे, गादीखाली, कुंडीत दडवून ठेवते म्हणून आधी खारूताई आणि मग नुसती खारू. तीन महिने पोरगी खोकत होती आणि ही खोली तिची होती. आठच दिवसांपूर्वी डॉक्टरांनी आम्हाला सरळ विचारलं होतं, घरात कुठे ओल आहे का, बुरशी वगैरे?

त्यावर मी हसलो होतो. ते हसू आठवलं की आजही कान गरम होतात. "डॉक्टर," मी म्हणालो होतो, "बत्तीस वर्षं मी लोकांच्या घरातली ओल शोधत फिरलोय. माझ्या घरात ओल?" शेजारी सूनबाई खारूला मांडीवर घेऊन बसली होती. ती फरशीकडे बघत होती. मला वाटलं, दमली असेल.

मी विमा कंपनीचा सर्व्हेअर होतो. कोणाचं घर पाण्याने खराब झालं की कंपनी मला पाठवायची. डागाचा आकार बघून पाणी कुठून आलं ते मी उंबऱ्यातूनच सांगायचो आणि अहवालाच्या शेवटी दोन ओळी लिहायचो. एक 'कारण', दुसरी 'जबाबदार'. त्या दुसऱ्या ओळीवरून माणसं माझ्यासमोर रडली आहेत. निवृत्त झालो तेव्हा एकच हत्यार जवळ ठेवलं, ते म्हणजे पाणसळ. हातभर लांबीची पिवळी पट्टी, तिच्यात काचेची नळी, नळीत बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला की वस्तू सरळ. घरातली एकूण एक तसबीर आणि फळी मी तिने लावली आहे. आपलं लग्न एका माणसाशी आणि एका बुडबुड्याशी झालं, असं बायको पाहुण्यांना सांगते. खारूला तर अक्षरओळख व्हायच्या आधी मी शिकवलं होतं, बुडबुडा मधे म्हणजे सगळं ठीक.

तर त्या रविवारी सकाळी सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि खरं सांगायचं तर मला थोडं स्फुरणच चढलं होतं. मी नखाने भिंत खरवडली. काळ्या लवेखाली पांढरा रंग निघाला, चांगला ताजा. तो खरवडला तर त्याच्याखाली पुन्हा काळं.

म्हणजे हे कोणीतरी आधी पाहिलं होतं. पाहून त्यावर रंग मारला होता आणि वर कपाट आणून उभं केलं होतं. बाहेरचा माणूस येऊन असं करत नाही. मी वळून बघितलं, तर दारात माझीच माणसं उभी होती.

२

खारूची गादी आमच्या खोलीत गेली. तिच्या खोलीची खिडकी सताड उघडून दार बंद झालं. हे सगळं बायकोने आणि सुनेने केलं. मी तपासाला लागलो.

मुलाचा संशय वरच्या मजल्यावर होता. तिथे एक शिंपी राहतो, त्याचं न्हाणीघर नेमकं खारूच्या खोलीवर येतं. मी मुलाला वर जाऊच दिलं नाही. वरून पाणी आलं तर आधी छत ओलं होतं, आणि आमचं छत ठणठणीत कोरडं होतं. डाग सुरू होत होता तो कपाटाच्या माथ्याला लागून असलेल्या एसीच्या खालच्या कडेपासून. एसीतलं पाणी मागच्या नळीने बाहेर जातं. ते बाहेर न जाता भिंतीत उतरलं, म्हणजे सर्व्हिसिंग करणाऱ्याने काहीतरी सैल ठेवलं. पाच मिनिटांत माझी 'जबाबदार'ची ओळ तयार झाली.

एसीवाला चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. आमच्या इमारतीतले सगळे एसी तोच बघायचा. मी त्याला फोन लावला आणि काही विचारलं नाही, नुसतं सुनावलं. खारूचा खोकला, काळी भिंत, निष्काळजीपणा, सगळं. मी थांबलो तेव्हा तो एवढंच म्हणाला, "काका, पावती बघा. तुमच्याकडचीच बघा."

मला ते उद्धटपणाचं वाटलं. मी लगेच इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं, की या माणसाच्या हलगर्जीपणामुळे माझी नात आजारी पडली आहे, त्याला कोणी घरात घेऊ नये. जेवणाची पानं घेईपर्यंत तीन घरांनी त्याची सर्व्हिसिंगची वेळ रद्द केल्याचं कळवलं. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा बरंच वाटलं.

दुपारी मी खालच्या मजल्यावर गेलो. तिथे एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांना सगळे बाई म्हणतात. पाणी खाली झिरपलंय का ते बघायचं होतं. बाईंनी भिंती दाखवल्या, सगळ्या कोरड्या होत्या. उलट त्यांनी माझे आभारच मानले. आधी आमच्या एसीची नळी गॅलरीच्या कठड्यावरून लोंबायची आणि त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकायची. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांनी इमारतीच्या फलकावर तशी लेखी तक्रार लावली होती. सर्व्हेअरच्या घरचं पाणी दुसऱ्याच्या कपड्यांवर, ही गोष्ट माझ्या फार जिव्हारी लागली होती. त्याच दुपारी मी स्वतः पाइप आणून गॅलरीच्या भिंतीवरून कोपऱ्यातल्या मोरीपर्यंत नेला. रेघ मारल्यासारखा सरळ. शेजारचे बघायला आले होते.

"तेव्हापासून एक थेंब नाही हो," बाई म्हणाल्या. "पहिले काही दिवस मोरीच्या नळातून पाण्याचा आवाज यायचा. आता तर तोही येत नाही."

आभार कसले, माझं कर्तव्यच होतं, असं काहीतरी बोलून मी वर आलो. इतक्या वर्षांत कोणी मला एवढा धडधडीत पुरावा हातात आणून दिला नव्हता आणि मी तो आभार समजून खिशात घातला.

वर येऊन मी पावतीसाठी फाइल काढली. घरातल्या प्रत्येक यंत्राची प्रत्येक पावती मी भोकं पाडून तारखेने लावतो. पाण्याच्या फिल्टरची पावती होती. त्यापुढे फ्रिजची होती. मधली, एसीची, नव्हती.

३

तोंडाला रुमाल बांधून मी पुन्हा खारूच्या खोलीत गेलो. समोरच्या भिंतीशी फरशीवर चार फिकट चौकोन दिसले. कपाट आधी तिथे होतं. ते कधी हललं ते मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "ते पहिल्यापासून इथेच नव्हतं का?" बायको म्हणाली, तिला वाटलं मुलानेच हलवलं. मी कोणाला काय बोलणार? मलाही कपाटाचं दार आठवत होतं, जागा आठवत नव्हती.

ते लोखंडी कपाट हलवायला सकाळी आम्ही दोन बाप्ये लागलो होतो, आणि तरी फरशीवर दोन ओरखडे उमटले होते. ते ताजे ओरखडे सोडले तर जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत फरशीवर एक रेघ नव्हती. मी गुडघ्यावर बसून कपाटाच्या पायांकडे बघितलं. मागच्या दोन पायांत लहान मुलाचे मोजे होते. एक गुलाबी, एक चांदण्यांचा. पुढचे दोन सकाळच्या ओढाताणीत निघून कोपऱ्यात पडले होते.

मोजे घालून सरकवलं की जड कपाट आवाज न करता सरकतं. ही युक्ती एकट्या माणसाची. ज्याला मदतीला कोणी नको होतं, किंवा मदत मागायची सोय नव्हती, अशाची.

"त्याला थंडी वाजते," मागून आवाज आला. खारू दारात उभी होती. मी तिला उचलून बाहेर आणलं आणि विचारलं, कोणाला थंडी वाजते?

"कपाटाला. म्हणून आईने त्याला माझे मोजे घातले." मग थोडं खोकून तिने पुढचंही सांगून टाकलं, लपवायचं असतं हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. "आई त्याला ढकलत होती आणि रडत होती. मी झोपले होते पण मी डोळे किलकिले केले होते."

४

सूनबाई खारूचे कपडे बॅगेत भरत होती. ती एका ग्रंथालयात काम करते, तिच्या हातची बॅगही पुस्तकं लावल्यासारखी दिसते. मी मोजे तिच्यासमोर ठेवले. ती चपापली नाही. हातातला फ्रॉक घडी करून ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"रंगही मीच मारला, बाबा," ती म्हणाली. "त्याच्या आधी दोनदा ब्लीचने पुसलं. जायचं आणि परत यायचं."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस?

"सांगितलं होतं ना. तुम्हालाच." तिने हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. उन्हाळ्यात भिंतीवर पहिल्यांदा तळहाताएवढा डाग आला तेव्हा तिने मला बोलावलं होतं. तिची आई त्या दिवशी आमच्याकडे आलेली होती. मी हातात वर्तमानपत्र घेऊन दारापर्यंत गेलो, आत पाऊल टाकलं नाही, आणि निकाल दिला, की खोलीत स्टँडवर ओले कपडे वाळत घालता त्याची ही ओल आहे. शिकल्यासवरलेल्या मुलींना एवढंही कळू नये, असंही म्हणालो. तिच्या आईसमोर.

मला यातलं काही आठवत नव्हतं. ती सांगत होती आणि मी आठवायचा प्रयत्न करत होतो आणि आठवत नव्हतं. तिने ते वाक्य चार महिने उराशी बाळगलं आणि मला ते बोलल्याचंही स्मरण नाही, याची लाज मला त्या काळ्या भिंतीपेक्षा जास्त वाटली.

दुसऱ्या दिवसापासून ती ओल्या कपड्यांच्या बादल्या गच्चीवर नेऊ लागली. डाग वाढतच गेला. तिला वाटलं, आपणच आधी मुरवलेली ओल बाहेर येतेय. मग खारूला खोकला लागला.

"माझ्यामुळे माझ्या मुलीचा श्वास अडकतोय, हे कोणाला सांगायचं असतं?" ती म्हणाली. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सांगणार होते. तुम्ही हसलात. मग कशी बोलणार?"

बॅग कशासाठी, ते तिने स्वतःहून सांगितलं. उद्या सकाळी ती खारूला घेऊन माहेरी जाणार होती. त्याआधी आज संध्याकाळी नवऱ्याला, आणि मंगळवारी डॉक्टरांना, ती सांगणार होती की पोरीचा आजार तिच्या हातून झाला. तिचं ठरलं होतं. आवाजही शांत होता.

माझ्या डोक्यातला सर्व्हेअर मात्र एका गोष्टीपाशी अडला होता. कपडे खोलीत वाळणं पहिल्या डागानंतर लगेच थांबलं. डाग त्यानंतर चार महिने वाढला. म्हणजे कपड्यांचा काही संबंधच नव्हता. मी तिला तसं म्हणालो.

"पण तुम्हीच म्हणाला होतात," ती म्हणाली.

मी चुकलो होतो, हे तीन शब्द त्या क्षणी तिथे हवे होते. त्याऐवजी मी म्हणालो, "मी बघतो," आणि बाहेर आलो.

५

एक गोष्ट उरली होती. भिंत सुनेने झाकली हे कळलं, पण पावती?

मी फाइल पुन्हा उघडली. या वेळी पाट्या टाकल्यासारखं न बघता नीट बघितलं. पत्र्याच्या पट्टीला, फिल्टर आणि फ्रिजच्या मधे, भोकाभोवतीचा पिवळ्या कागदाचा कपटा अडकून राहिला होता. पट्टी न उघडता कोणीतरी पावती तशीच ओढून काढली होती. सूनबाई असं करणार नाही. कागद फाडणं हे तिच्या दृष्टीने जवळजवळ पाप आहे. मुलाला फाइल कुठे असते हेच माहीत नाही. आणि आमच्या घरात फायलीतला कागद ओढून काढणारं माणूस एकच आहे. त्यावरून आमची पस्तीस वर्षं भांडणं चालू आहेत.

बायको स्वयंपाकघरात होती. मी नुसता तो कपटा तिच्यासमोर धरला. तिने गॅस बारीक केला, हात पुसले, शिवणाच्या डब्यातून बटणांखालची पिवळी पावती काढली आणि ओट्यावर ठेवली.

"सकाळी तुम्ही एसीवाल्याला बोलायला लागलात ना," ती म्हणाली, "तेव्हा तुमच्याच बाजूने पुरावा शोधायला गेले होते मी."

पावतीवर सर्व्हिसिंगचं नेहमीचं लिहिलेलं होतं. जाळी धुतली, गॅस बघितला. खाली शेऱ्याच्या जागी चार वाक्यं होती, अक्षर गिचमीड पण वाचता येण्याजोगं. 'ड्रेन पाइप सरळ लावला आहे. उतार नाही. पाणी साचून मागे येईल, भिंतीत उतरेल. काकांना सांगितले.'

आणि त्याखाली सही होती. माझी.

मग मात्र आठवलं. तो गॅलरीत उभा राहून म्हणाला होता, काका, मोरीकडच्या बाजूला दोन बोटं खाली घ्या. मी आतून पाणसळ आणली, पाइपावर ठेवली आणि त्याला बुडबुडा दाखवला. मधोमध. बत्तीस वर्षं हेच करत आलोय, म्हणालो. तो बुडबुड्याकडे बघत राहिला, मग खिशातून पेन काढलं. मी न वाचता सही केली.

"का लपवलीस?" मी बायकोला विचारलं.

"तुम्हाला लाज वाटली असती."

मी तिला सुनेचं सगळं सांगितलं. मोजे, ब्लीच, दवाखाना, बॅग. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ऐकता ऐकता ती स्टुलावर बसली. भाजी खाली लागल्याचा वास आला तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही. "चार महिने त्या पोरीची लाज कोणी नाही हो झाकून ठेवली डब्यात," ती शेवटी म्हणाली.

६

गॅलरी बाहेरच्या खोलीतूनही उघडते. मी पाणसळ घेऊन गेलो. खरं तर पावती वाचल्यावर तपासायचं काही उरलं नव्हतं, पण हात लावल्याशिवाय निकाल द्यायचा नाही हे मला निदान एकदा तरी करून बघायचं होतं.

पाइपावर पट्टी ठेवली. बुडबुडा जरासा हलला आणि दोन रेघांच्या बरोबर मधे जाऊन थांबला. आठ फूट पाइप, सहा क्लॅम्प, कुठे केसाचाही फरक नाही. पाणी वाहायला उतार लागतो, ही गोष्ट मी किती घरांत किती गवंड्यांना सुनावली असेल. स्वतःच्या गॅलरीत मात्र मला सरळ रेघ हवी होती, कारण लोक बघणार होते.

कोपऱ्यातली मोरी सुकून तिच्यात कोळ्याने जाळं केलं होतं. बाई म्हणत होत्या तो आवाज बंद झाला, तो पाणी इकडे येणंच बंद झालं म्हणून. मी खोलीकडचा सांधा सोडला. आधी काहीच आलं नाही. मग शेवाळाचा लगदा भळकन माझ्या पायावर पडला आणि त्याच्यामागून कुबट पाणी. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरलं, शेवाळाने पाइप तुंबला, पाणी उलटं फिरून एसीच्या ट्रेमध्ये आणि ट्रे भरून भिंतीत. आधी भिंतीवर तळहाताएवढा डाग उमटला, आणि शेवटी ते माझ्या नातीच्या छातीपर्यंत गेलं.

मला एकदा वाटलं, सांधा परत बसवावा. एसीवाल्याच्या पावतीची प्रत त्याच्याकडेच आहे, तो स्वतःहून कोणाला दाखवणार नाही. सून उद्या माहेरी जाईल. पाइप मी गुपचूप खाली घेईन. असं मला खरोखर वाटलं, आणि चांगलं मिनिटभर वाटलं.

आत मुलगा आल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ सूनबाईचा. "जरा बस ना, मला तुला काहीतरी सांगायचंय."

७

"आधी मी," मी दारातूनच म्हणालो. पायाला शेवाळ तसंच होतं.

वहीचा एक कागद फाडून मी नेहमीच्या नमुन्यात अहवाल लिहिला आणि उभा राहून वाचला. बसून वाचायची हिंमत झाली नाही. कारण एक, पाण्याचा पाइप उताराशिवाय लावणं. कारण दोन, एसीवाल्याने लेखी बजावूनही दुर्लक्ष करणं. कारण तीन, घरातल्या माणसाने डाग दाखवला असता भिंतीला हात न लावता, दारात उभं राहून, तिच्या आईसमोर तिला दोष देणं. ओल्या कपड्यांचा या नुकसानीशी संबंध नाही. जबाबदार, खाली सही करणारा.

सही करून कागद सुनेच्या हातात दिला. "मी चुकलो होतो," मी म्हणालो. "तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही. माझ्यामुळे झालं."

तिने तो कागद दोनदा वाचला. मला वाटलं ती रडेल, किंवा राहू द्या बाबा असं काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "चार महिने, बाबा." मग उठून आत गेली. बराच वेळ आतून नळ चालू असल्याचा आवाज येत राहिला. मुलगा माझ्याकडे न बघता तिच्यामागे गेला. तेच बरोबर होतं.

ग्रुपवर मी दुपारचं काढून टाकलं नाही. त्याच्याच खाली खरं काय ते लिहिलं, पावतीचा फोटो सहीसकट टाकला आणि तीन घरांना वेगळे फोन केले. सोमवारी सकाळी एसीवाल्याच्या दुकानात जाऊन त्याची माफी मागितली. तो पाइप कापत होता. "काका, ग्रुपवर टाकलंत ना, पुरे झालं," म्हणाला आणि पिशवी उचलून माझ्याबरोबरच निघाला.

बॅग दाराशीच होती. भिंतीचा गिलावा विटेपर्यंत खरवडून, पंख्याखाली वाळवून, मगच बुरशी न धरणारा रंग लावायचा होता. तोवर खारूने घरात राहू नये हे आता सगळ्यांचंच मत होतं. गादी, उशा आणि तिचं अस्वल टाकून द्यावं लागलं. अस्वलासाठी ती खूप रडली.

निघण्याआधी ती गॅलरीत आली. एसीवाला क्लॅम्प लावत होता आणि मी त्याच्या सांगण्यावरून पाणसळ पाइपावर धरून उभा होतो. त्याने मोरीकडचं टोक दोन बोटं खाली घेतलं. बुडबुडा रेघ ओलांडून पार कडेला गेला.

"आजोबा," खारू घाबरून म्हणाली, "बुडबुडा पळाला."

"पळू दे," मी म्हणालो.

मंगळवारी मी दवाखान्यात आधीच जाऊन बसलो. सूनबाई माहेरून खारूला घेऊन आली आणि शेजारच्या खुर्चीवर बसली. रविवारपासून आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो होतो. डॉक्टरांनी खारूची पाठ ऐकली, मागचा कागद चाळला आणि मान वर न करता विचारलं, घरातली ओल एकदा बघितलीत का?

"ओल होती, डॉक्टर," मी म्हणालो. "मागच्या वेळी मी उगाच हसलो."

ते लिहू लागले. केव्हापासून, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडण्याआधी सूनबाई बोलली, खारूच्या केसांवरून हात फिरवत, हळू आवाजात.

"चार महिने. आम्हाला कळायला उशीर झाला."

तिने मला पाठीशी घातलं होतं. मी तिच्याकडे बघितलं, ती खारूच्या केसांकडेच बघत होती.

"हिला नाही," मी डॉक्टरांना म्हणालो. "हिने पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. उशीर मला झाला. तसंच लिहा."